वंदनाची रेघ

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. औंढ्याला बहिणीकडे सांगायला म्हणून गेले होते — चहा पिऊन परत आले.

मी चौथी शिकलेली. माझी सून वंदना बारावी. शिलाईच्या पैशातून तिनं मोबाईलवर डॉलर-रुपयाचा सौदा शिकायचं मनावर घेतलं. दुपारी मी हळकुंडं निवडत बसायचे, ती शेजारी मोबाईल धरून बसायची. शिकता शिकता मलाही शिकवायची. हिरवी काडी म्हणजे डॉलर चढला, लाल म्हणजे उतरला. काडी जेवढी लांब, तेवढी हालचाल मोठी. महिनाभरात मला कळायला लागलं — हे ध्यानात ठेवा. मला कळत होतं.

त्या दुपारी तिनं डॉलर घेऊन ठेवला होता. पडद्यावर खाली एक आडवी रेघ मारलेली.

"आत्याबाई, मी गिरणीत जाऊन येते. लाल दिसली म्हणून भिऊ नका. भाव या रेघंच्या खाली गेला तरच विकायचं, अन् तेबी मीच."

ती दाराबाहेर पडली आणि लाल काड्या सुरू झाल्या. एक, दुसरी — तिसरी तर केवढी! भाव अजून रेघेच्या वरच होता. दिसत होतं मला. तरी मी हळकुंडं बाजूला सारली आणि मोबाईल हातात घेतला. पैसा तिचा, आणि समोर बसलेली मी. आमच्या हळदीच्या बिटात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, बोली लागल्यावरही भाव पटला नाही, तर पोती परत घरी आणता येतात. मला वाटलं, इथंही तसंच असेल. आता विकू, डॉलर चढलाच तर सौदा मोडू. विकायचं ते मीच, असं तिनं म्हटलं होतं ना? म्हटलं होतं. मी बटण दाबलं.

विकलेला सौदा मोडायचं बटणच तिथं नव्हतं. थोड्या वेळात हिरव्या काड्या उभ्या राहिल्या. काचेवर हळदीचं बोट उमटलं होतं. ते पदरानं पुसलं आणि मोबाईल होता तिथं ठेवला.

संध्याकाळी मुलाला तोट्याचं कळलं. "काय डॉलरवाली, झालं का समाधान?"

"आवो, म्या न्हाई दाबलं."

"मंग मायनं दाबलं व्हय? तिला घड्याळ तरी धड कळतं का?"

तो हसला. मीही हसले. वर म्हणाले, "मला बाईला काय कळतं त्यातलं?" — याला भित्रेपणा म्हणायचं? भित्रं माणूस गप्प तरी बसतं.

त्यानं तिचं शिकणं बंद केलं. पण तेवढ्यावर थांबलं नाही. वंदनाला वाटतं, मोबाईल ठेवताना तिचंच बोट लागलं आणि तिला समजलं नाही. तेव्हापासून ती गॅसची चावी दोनदा बघते. कुलूप लावते, ओढते, अंगणातून परत येऊन पुन्हा ओढते.

"आत्याबाई, लावलं न मी? तुमी पाह्यलं न?"

"पाह्यलं," मी म्हणते. माझ्या शब्दावर ती पुढं चालते.