भालेराव काकांचं ‘नको’

भालेराव काकांच्या दाराची बेल मी पहिल्यांदा वाजवली ती हातात पेढे घेऊन. नाशकात इंदिरानगरला त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “नको.”

“अहो काका, पेढे आहेत.”

“म्हणूनच नको. पेढे घेतले की ओळख होते. ओळख झाली की तुम्ही गावाला जाता आणि तुमच्या तुळशीला पाणी आम्ही घालतो.”

तेवढ्यात त्यांच्या काखेखालून एक बांगड्यांचा हात बाहेर आला आणि डबा घेऊन आत गेला. त्या शालनकाकू. ओळख झाली ती अशी, आणि तुळसही पुढे त्यांच्याकडेच गेली.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून असेल, पण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर ‘नको’. चहा? नको. पंखा लावू? नको. मग चहा पिऊन पंख्याखाली निवांत बसायचे, तो भाग वेगळा. “लग्नात मी हार घालायला गेले तर ह्यांनी मान मागे घेतली होती,” काकू सांगायच्या. “मंडपात सगळे हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

काकूंचं एकच दुखणं होतं. नवरात्रात कालिकेची यात्रा भरते, तिथे आकाशपाळणे लागतात. लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेत नव्या नवरीने हौसेनं विचारलं होतं, “अहो, पाळण्यात बसू या?” उत्तर सांगायला नकोच. पण बाई चिवट. दर वर्षी विचारायच्या, दर वर्षी नको ऐकायच्या, मग दोघं भेळ खाऊन परत. एकट्या का बसत नाही, असं मी एकदा विचारलं तर माझ्यावरच उखडल्या. “मला पाळण्याचं काय कौतुक? ह्यांच्या शेजारी बसायचंय मला.”

मग काकांना पार्किन्सन झाला. हात कापायला लागला आणि पाय उंबऱ्यापाशी चिकटायला लागले. काकू पुढे उभं राहून शाळेतल्या कवायतीसारखं “डावा, उजवा” करायच्या, तेव्हा कुठे गाडी हलायची. मला भारी वाईट वाटायचं. काकांना मात्र यात खात्यातला जुना बिघाड दिसत होता. “वरून रिंग जातेय गं,” ते म्हणायचे, “पण खाली कोणी उचलत नाही.”

डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतंय, गोळी त्याची उणीव भरून काढेल, मग मेंदूचे भाग पुन्हा एकमेकांशी नीट बोलू लागतील, असं त्यांनी सांगितलं. आणि खरंच, काही आठवड्यांनी काका एकटे जिना चढून आमच्याकडे आले. मी सवयीनं विचारलं, “चहा घेणार?”

“चालेल!”

माझ्या हातातलं पातेलं सुटता सुटता राहिलं.

तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. भाजीवाली गमतीनं म्हणाली, “काका, अख्खी पाटी घेता का?” “चालेल!” सगळी बिल्डिंग आठवडाभर मेथी खात होती. कुणाच्या तरी वरातीत त्यांना नाचायला ओढलं, “चालेल!”, आणि नवरामुलगा ओळखीचा नाही हे वरात संपल्यावर कळलं. सोसायटीतले लोक तर असले लबाड, की काकांच्या गोळीची वेळ साधून यायला लागले. आमच्या सेक्रेटरीनं एका बैठकीत काकांची पार्किंगची जागा, गच्चीची किल्ली आणि गणपतीतल्या नाटकात शंकर व्हायचा होकार, तिन्ही पदरात पाडून घेतली. काका खूश. “लाइन इतकी साफ झालीय,” ते म्हणाले, “की राँग नंबरसुद्धा लागतोय!”

त्याच भरात ते एकदा काकूंना म्हणाले, “यंदा यात्रेत पाळण्यात बसायचं. दोनदा बसू!”

मला वाटलं, काकू आनंदानं उड्या मारतील. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आधी गोळी उतरू दे.” नंतर जिन्यात मला धरून म्हणाल्या, “अगं, हे भाजीवालीला हो म्हणाले, वरातीला हो म्हणाले, तसंच मलाही म्हणाले. त्यात माझं काय? मला ह्यांचा होकार हवाय, गोळीचा नको.” आणि डोळ्यांना पदर लावला.

रंगपंचमीला मात्र कळस झाला. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाड उघडतात. वर्षभर बुजवून ठेवलेला दगडी हौद, त्यात फुलं उकळून केलेला रंग, आणि त्यात वरून पोरांनी धपाधप उड्या मारायच्या. काका बघायला गेले होते. कुणीतरी ओरडलं, “या काका!” एवढं निमित्त पुरलं. उडी झकास मारली, पण आत गेल्यावर पाय रुसले. चार पोरांनी त्यांना ओढून वर काढलं. वर आल्यावर खोकत खोकत म्हणतात कसे, “अजून एकदा चालेल!” काकू तिथेच रस्त्यावर मटकन बसल्या.

तो रंग म्हणजे आठ-आठ दिवस जात नाही. दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात गेले ते पिवळेधमक. मी सोबत होते. डॉक्टर नागपूरचे. त्यांनी घाबरून आधी काकांची पापणी खाली ओढली. “कावीळ कधीपासून आहे?”

“कावीळ नाही, रहाड,” काका ऐटीत म्हणाले.

रहाड म्हणजे काय ते डॉक्टरांना समजावण्यातच अर्धा वेळ गेला. समजलं तसे ते आधी हसले, मग गंभीर झाले. “काका आधीही असं काही करायचे?”

“आधी हे अंघोळीलासुद्धा नको म्हणायचे,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी मग काकांच्याच भाषेत सांगितलं. गोळीनं पायांची लाइन जोडली, ते चांगलंच. पण मेंदूत ‘हवं हवं’ म्हणणारी एक जागा असते आणि ‘जरा थांब’ म्हणणारी दुसरी. काही जणांत या औषधानं पहिलीचा आवाज एवढा वाढतो, की दुसरीचा फोन कुणाला ऐकूच येत नाही. गोळी हळूहळू कमी करावी लागेल, पाय थोडे मंदावतील.

“आणि ‘चालेल’?” काकूंनी विचारलं. “ते जाईल?”

“बहुतेक जाईल.”

“करा कमी,” काकू म्हणाल्या. “ इतकी वर्षं नको ऐकलं, अजून ऐकीन. पण ते म्हणायला माणूस तर राहू दे.”

गोळी कमी होत गेली. पावसाळा संपता संपता एके दिवशी मी विचारलं, “काका, चहा?” “नको,” म्हणाले आणि बशी पुढे केली. मला हसू आलं आणि थोडं रडूही.

नवरात्रात आम्ही तिघं यात्रेला गेलो. पाळण्यासमोर काकूंनी दरवर्षीसारखं विचारलं, “अहो, बसू या?”

काकांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. “नको.”

“हं,” काकू म्हणाल्या, “हे मात्र आमचेच.” आणि भेळेच्या गाडीकडे वळल्या.

“शालन,” काका मागून म्हणाले, “मला भीती वाटते गं. पहिल्यापासून वाटते. तुला कसं सांगणार?”

काकू वळून बघतच राहिल्या. “मेल्या, चाळीस वर्षं!” त्या ओरडल्या. नवऱ्याला त्यांनी असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तोवर काका तिकिटांच्या खिडकीकडे निघाले होते, हळूहळू, पाय घासत.

पाळण्याच्या पायरीशी पाय चिकटलेच. पाळणेवाला वैतागला. “काका, बसता का नाय? लय गर्दी हाय मागं!” काकूंनी पुढे होऊन सुरू केलं, “डावा, उजवा!” मागच्या रांगेनंही सूर धरला, “डावा! उजवा!” आणि काका बसले. दांडा लागला. पाळणा वर जाताच त्यांनी डोळे मिटले, काकूंचा हात दोन्ही हातांनी धरला आणि टाहो फोडला, “नको! नको! नको!”

प्रत्येक फेरीला तेच. खाली माणसं हसून बेजार. आणि काकू? त्या वर बसून अशा हसत होत्या, की एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

काका गेल्या वर्षी गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. यंदा मी काकूंना जबरदस्तीनं यात्रेला घेऊन गेले. पाळण्यासमोर उभ्या राहिल्या, तर मी भीतभीतच विचारलं, “काकू, बसायचं?”

“नको,” काकू म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या हातात देऊन पाळण्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.