उलटी फुली

काजबाईला शिवणकाम येतं असं कुणी म्हटलं की तिची थोरली बहीण फस्सकन हसायची. "शिवणकाम कसलं? शर्टाला भोकं पाडते नि भोकांच्या कडा शिवते." ताई स्वतः लेसवाली. मांडीवर गच्च भरलेली उशी, तिच्यावर नक्षीचा पुठ्ठा, पुठ्ठ्यात टाचण्यांचं रान आणि दोऱ्याला लटकलेल्या लाकडी कांड्या. ताई त्या नुसत्या इकडून तिकडे फिरवायची, टकटक टकटक, नि खाली जाळी उमटत जायची. धाकटीने "मलाही शिकव ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "तुझी बोटं जाड आहेत गं." हे ऐकता ऐकता धाकटीचे केस पिकले.

मग ताईला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. उशीवरची पट्टी अर्धीच राहिली आणि ताई खाटेवरून दिवसभर तिकडे टक लावून बघायची. काजबाईने मनाशी ठरवलं, ही पट्टी मी पुरी करणार, तीही ताईच्या डोळ्यांदेखत. ताईने एकदा, फक्त एकदा, पसंतीची मान हलवावी. बोलता येत नसलं तरी मान तिला अजून हलवता येत होती.

शिकवायला मिळाली मोबाइलवरची मॅडम. पार्सलने छोटी उशी आणि कांड्या आल्या, धडे व्हिडिओवर. मॅडमचा आवाज असा की ऐकताना दात किडावेत. "हॅलोऽ माझ्या गोड गोड विद्यार्थिनींनो! आधी काऽय? पीळ! मग काऽय? फुलीऽ, एक धागा दुसऱ्यावरून! घाबरायचं नाही हं, धागा चावत नाही!" समोरच्या इस्त्रीवालीला ते इतकं पाठ झालं की ती कॉलर दाबताना म्हणायची, "घाबरायचं नाही हं, इस्त्री चावत नाही!"

काजबाई स्वयंपाकघराचं दार लोटून शिकली. ताईला एकदम दाखवायचं होतं ना! नमुने पाठवले की मॅडमचा निरोप यायचा, "अप्रतिऽम! टाळ्या!" जाड बोटं हळूहळू वळली. मग तर मोबाइल न बघताही हात चालायला लागले.

एके दिवशी तिने ताईची उशी मांडीवर घेतली आणि खाटेजवळ बसली. "आता बघ हं, ताई."

पीळ, फुली. पीळ, फुली. ताईच्या घशातून घर्रघर्र आवाज आला. डावा हात चादरीवर आपटायला लागला.

"आवडलं वाटतं म्हातारीला," दारातून इस्त्रीवाली म्हणाली.

काजबाईला चेव आला. हात भराभर पडू लागले. पण जाळी काही वाढेना. उलट टाचण्या एकेक करून उघड्या पडत होत्या आणि जिथे काल ताईची वीण होती तिथे सुटे दोरे लोंबत होते. ती विणत नव्हती, उसवत होती. ताईने घातलेला पीळ न् पीळ तिच्या हाताने सुटत होता.

तिने तिथूनच मॅडमला फोन लावला.

"अय्या, होऽ!" मॅडम खिदळली. "मी मोबाइल माझ्याकडे तोंड करून लावते ना, आरशासारखं दिसतं. उजवं ते डावं! सरळ विणीवर उलटी फुली घातली की आधीची सुटणारच! पण पहिल्यापासून उलट विणलं तर उलटंही सुंदरच दिसतं. दुसरीच्या उशीला हात लावायला कोण जातंय?"

काजबाईने फोन ठेवला. तोवर ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"मुद्दाम नाही केलं गं. मला उलटं शिकवलं. ताई, इकडे बघ ना."

ताईने मान वळवली नाही.

"तिला वाटतंय, तू उट्टं काढतेयस," इस्त्रीवाली हळूच म्हणाली.

"जन्मभर काढलं नाही, ते आता काढेन?"

काजबाई उठली. तिने खाट धरून खस्सकन ओढली.

"अगं, पडेल ना ती!"

"तू गप बस."

भिंत आणि खाट यांच्या फटीत तिने स्टूल कोंबलं, उशी घेतली आणि ताईच्या तोंडासमोरच बसली. ताईने डोळे मिटले.

आता हाताला उलटं वळण लागलेलं. कांड्यांच्या प्रत्येक जोडीला थांबून "डावा वर की उजवा?" असं स्वतःलाच पुटपुटत विचारायचं, चुकलं की सोडवायचं, पुन्हा घालायचं. उसवलेलं भरून निघायलाच संध्याकाळ झाली. त्याच्या पुढे तिची स्वतःची अशी बोटभर वीण झाली. सरळ, ताईसारखी. तिने उशी ताईच्या नाकासमोर धरली.

"ताई, बघ. आता बघ."

ताईने डोळे उघडले नाहीत. काजबाईने तिच्या नाकाखाली तळवा धरला. श्वास चालू होता, चांगला गरम. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. म्हणजे झोप लागली नव्हती.

इस्त्रीवाली कधीच निघून गेली होती. काजबाईने दिवा लावला, परत स्टुलावर बसली आणि पुढची जोडी उचलली.