न मावलेल्या प्रती

मंगळवारी दुपारी फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेतला कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने तयार केलेला प्रोग्राम श्रवणयंत्राच्या चिपमध्ये मावला नाही. कंपायलरने प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, माहितीच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या अशा ढीगभर प्रती काढल्या होत्या.

“वैदेही, प्रती काढणं बंद कर. सगळ्या प्रकारांना एकच फंक्शन पुरे,” टीमप्रमुख देसाई म्हणाले.

कंपायलरमधली प्रती काढण्याची ही सोय वैदेहीनेच लिहिली होती. तिने कीबोर्डवर हात आडवा ठेवला. “नाही करणार, सर. आवाज उशिरा पोचेल. समोरच्याचे ओठ आधी हलतील, शब्द मागून येतील.”

“मग चिप काय रबराची आणू?”

सगळ्यांसाठीचे फंक्शन दर वेळी समोर आलेल्या माहितीला आधी विचारते, तू आकडा की अक्षर? नेमकी प्रत विचारत नाही, कामाला लागते. सरकारी कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या माणसालाही हा फरक कळतो. न विचारता ओळखले जाण्याला जागा लागते, आणि कपातीत पहिली नजर त्याच जागेवर जाते.

“बॅटरी आणि सेटिंगच्या प्रती काढून टाकते, तिथे एकच फंक्शन चालेल,” वैदेही म्हणाली. “आवाजाच्या वाटेवरची एकही नाही.”

देसाई खुर्चीत मागे टेकले, तेव्हाच तिने हात उचलला.

संध्याकाळी प्रोग्राम चिपमध्ये मावला. आवाजाच्या सर्व प्रती त्यात होत्या.