करंटना अहो-जाहो करणारे काका

विजेला अहो-जाहो करणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो वर्षभर माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होता. नोकरी करणाऱ्यांसाठी आमच्या कॉलेजात संध्याकाळचा डिप्लोमा चालतो. तिथे मी पहिल्या वर्षाला सर्किटचा पेपर शिकवतो. मी वाशिमकडचा, हा विद्यार्थी हडपसरचा, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा, एका कारखान्यात तीस वर्षं वायरमन. मी त्यांना काका म्हणे, ते मला सर म्हणत, आणि विजेचा मान आम्हा दोघांच्याही वर. "मेन बंद केला तरी करंट लगेच जात न्हाईत, सर. कपॅसिटरमधी बसून ऱ्हातात," हे ते थोरल्या जावयाबद्दल बोलावं अशा सुरात सांगत.

थिअरीच्या तासालाही ते जाड रबरी तळव्यांचे बूट घालून येत. खिशात पेनाशेजारी टेस्टर. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, की डावा हात पँटच्या खिशात घालूनच खडू उचलत. पहिल्यांदा मला तो उद्धटपणा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. "चालू लायनीला दोन्ही हात लागले तर करंट छातीतनं जातात. म्हून एक हात खिशात," ते शांतपणे म्हणाले. सर्किट खडूने काढलेलं होतं, पण सवय ती सवय. वायरला रोध नसतो असं धरा, असं मी म्हटलं की पहिल्या बाकावरून प्रश्न येई, "कंची वायर, सर? किती स्क्वेअरची?" बाकीची मुलं आधी हसत. मग तीही वायरची जाडी विचारू लागली आणि माझा अभ्यासक्रम दोन आठवडे मागे पडला.

काकांचे बाकीचे सगळे विषय सुटले होते, पहिल्या वर्षाचा हा एकच मागे राहिला होता, म्हणून ते पुन्हा माझ्या वर्गात बसत. तो सुटला की डिप्लोमा, आणि डिप्लोमा मिळाला की सुपरवायझर. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पगारवाढीचं त्यांना फारसं काही नव्हतं. "पॅनल जोडतो मी, तपासतो बी मीच," ते एकदा म्हणाले. "वहीत सही मात्र कालच्या पोराची. एकदा तरी माझी पायजे."

परीक्षेत मी सोपा प्रश्न घातला. चोवीस व्होल्टला दोन ओहमच्या रेझिस्टरमधून किती प्रवाह जातो ते काढा. मग व्होल्टेज दुप्पट केला तर किती जाईल ते सांगा. या विषयाचा सगळा जीव यातच आहे: इकडे दुप्पट केलं की तिकडे दुप्पट. काकांनी बारा अँपिअर अचूक काढले. मग त्यात किती वॅट जिरतात, हे कुणी विचारलेलं नसताना काढलं, दोनशे अठ्ठ्याऐंशी, साधा रेझिस्टर ज्यातले पाच-दहाही सोसत नाही, आणि खाली चौकट करून लिहिलं, 'रेझिस्टर आत्ताच जळत आहे. व्होल्टेज दुप्पट करू नये. प्रथम मेन बंद करावा.' पुढचे तीन उपप्रश्न, मेन बंद असल्यामुळे, कोरे. तीन मार्कांनी ते नापास झाले. पेपर तपासणारा मीच होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"काका, कागदावर काही जळत नाही हो," मी समजावायला गेलो.

"तुमच्या कागदावर, सर. मला दिसतंय जळताना. मग वाढवू कसं?" ते रागावले नव्हते. मग म्हणाले, "बसतो पुन्हा. वाढवतो. तुम्ही म्हणताय तर."

सहा महिन्यांनी ते पुन्हा बसले. मी देखरेखीला होतो. डावा हात खिशात ठेवून त्यांनी व्होल्टेज दुप्पट केला, सगळे उपप्रश्न सोडवले. पेपर देताना मात्र ते माझ्याकडे बघेनात. चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि मला आनंदाबरोबर थोडी लाजही वाटली.

निवृत्तीआधी नऊ-दहा महिने ते सुपरवायझर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मोबाइलवर फोटो पाठवला: तपासणीच्या वहीचं पान, सहीच्या रकान्यात शाळकरी वळणाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, रकान्याबाहेर गेलेलं. खाली एवढंच, 'करंट आले. सगळं ठीक.'

हल्ली पेपर काढताना मी प्रत्येक रेझिस्टर जळेल का, ते आधी बघतो. जळणार असला तर आकडे बदलतो. अभ्यासक्रमात हे नाही, आणि अजून एकाही विद्यार्थ्याच्या ते लक्षात आलेलं नाही. काकांच्या आलं असतं. पहिल्या बाकावर आता कुणी बसत नाही.