कलशातील सिंधू
पंधरा ऑगस्टला ओल्या झेंडूचा वास आला, की पिंपरीतील निर्वासितांच्या बराकी आठवतात. स्वातंत्र्याला थोडीच वर्षे लोटली होती. ज्यांच्या हस्ते ध्वजारोहण व्हावयाचे, ते वृद्ध सिंधी गृहस्थ दारातच बसून राहिले. "मेरा तो घर ही गया, काहे का त्योहार?" एवढेच थकून म्हणाले. मी पुरोहित म्हणून ध्वजस्तंभाच्या पूजेस बसलो आणि पवनेच्या पाण्याने भरलेल्या कलशात प्रथेप्रमाणे सप्तनद्यांना आवाहन केले. सिंधूचे नाव ऐकताच ते काठी टेकत जवळ आले. "पंडितजी, हमारी नदी को भी बुलाते हो?" "रोज स्नानाच्या वेळी बोलावतो, बाबा." त्यांनी ते पाणी डोळ्यांना लावले, ध्वजाची दोरी हाती घेतली आणि म्हणाले, "बुलाते रहना. मुझसे तो अब जाना न होगा." आता मलाही स्नानाला हात धरून न्यावे लागते, नद्यांना बोलावताना सिंधूच्या नावापाशी मात्र मी क्षणभर थांबतो.