दक्षिण समुद्राची बरणीभर हवा

वॉटफर्डहून निघालो तेव्हा बॅगेत थर्मलचे तीन जोड, भडंग आणि लोणच्याची एक रिकामी बरणी होती. बरणी वसूची. वसू माझा चाळीस वर्षांचा मित्र, क्रॉयडनला राहतो. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राची ही सफर आम्ही दोघांनी मिळून ठरवली होती. पण त्याची फुप्फुसं रुसली, नाकात ऑक्सिजनची नळी आली आणि डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

"तू जा," वसू म्हणाला, "पण जगातली सगळ्यात स्वच्छ हवा मला आणून दे. हात हलवत आलास तर दार उघडणार नाही."

आता या माणसाशी कोण वाद घालणार?

तिकडे परकं बी जाऊ नये म्हणून जहाजावर प्रवाशांचे खिसेसुद्धा व्हॅक्यूमने झाडतात. तपासणाऱ्या बाईंनी बरणीच्या झाकणातून चिमट्याने मोहरीची डाळ काढली.

"यात काय होतं?"

"कैरीचं लोणचं."

"आणि आता काय भरणार?"

"हवा."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि बरणी दोनदा धुवायला लावली.

जहाजाच्या डेकवर चिमणीचा धूर, म्हणून मी रबरी बोटीच्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबलो. हिमनगांमधून निघालो. हवा अशी, की छातीत शिरलेली कळूही नये. वास म्हणून कसलाच नाही. हीच ती, म्हणत झाकण उघडलं आणि नेमका शेजारीच देवमासा वर आला. फुस्सकन श्वास सोडला. अख्खी बोट नाक दाबून बसली. हा बाबा दिवसभर क्रिल (आपला जवळाच म्हणा) खातो! मी घाबरून झाकण घट्ट लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बोट परत फिरली.

क्रॉयडनला वसूच्या दारात उभा राहिलो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. देवमाशाचं सगळं सांगून टाकलं.

वसूने नळी बाजूला केली, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

"अरे," तो म्हणाला, "हा तर आमच्या हर्णैचा सुका जवळा."

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

"ई, काय मेलंय इथे?" म्हणत मालतीवहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि तडक खिडकीकडे गेल्या.

"मालती, खिडकी उघडू नको," हाताने बरणी झाकत वसू म्हणाला. "बाहेरची घाण हवा आत येईल."