आधी खोट सांगा

हेमावतीअक्कानं कुणाला चांगलं म्हटल्याचं साखर पेठेत तरी कुणाला आठवत नाही. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्यानं गोदामातली जुनी लेबलं रद्दीच्या भावात उचलून घरी आणली. कापडाच्या ताग्यांवर चिकटवायची रंगीत चित्रं ती: वाघावर बसलेली देवी, मोटारीतली मडम, झोपाळ्यावरची राधा. तो जिवंत असेपर्यंत अक्का त्यांना कचराच म्हणायची. तो गेल्यावरही म्हणायची, पण त्यांचे गठ्ठे फेकले मात्र नाहीत.

मंगळवार बाजारात जुने पितळी दिवे विकणारा शेखलाल एकदा घरी आला आणि त्यानं ते गठ्ठे पाहिले.

"आपा, ये चित्रं लोक काचेत घालून भिंतीवर लावत्यात. फोनवरनं विका की."

"लोकं येडी हायत व्हय?"

"लई येडी. पण पैसे देत्यात."

अशी अक्का लिलावाच्या एका अवाढव्य साईटवर गेली. जुन्या वस्तू विकायच्या तर दुसरं दारच नव्हतं. सुरुवातीला बरं चाललं. मग दर विक्रीमागचा साईटचा कट वाढत गेला. मग विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाबद्दल चकार शब्द लिहायचा नाही, असा नियम आला. गिऱ्हाईक मात्र काहीही लिहायला मोकळं. लिलाव हरलेला माणूससुद्धा तिथं रुबाबात असायचा, माल पाठवणारा तेवढा चोर.

दिल्लीच्या एका गिऱ्हाइकानं झोपाळ्यावरची राधा घेतली आणि 'नकली आहे' म्हणून परत पाठवली. पाकीट उघडलं तर आत संगणकावरून काढलेली गुळगुळीत प्रत. खरी राधा दिल्लीतच राहिली. अक्कानं पाकीट भरतानाचा व्हिडिओ पाठवला. तो कुणी पाहिला नाही. साईटवर बोलायला माणूसच नव्हता, एक यंत्र होतं. 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो,' असं ते दर खेपेला लिहायचं.

"समजतंय म्हणं! ह्याला भूक न्हाय, ताप न्हाय, अन् माझ्या भावना समजत्यात," अक्का म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिचं खातंच बंद झालं. कारण: फसवणूक.

शेखलालचंही तेच झालं होतं. गावात असे पोळलेले बरेच निघाले. त्यांना विरेशनं होटगी रोडवरच्या आपल्या घरी बोलावलं. विरेश जुनी घड्याळं विकायचा आणि दुकानाच्या पाटीवर घड्याळाऐवजी स्वतःचा फोटो लावायचा. "आपली साईट काढू," तो म्हणाला. "विकणाऱ्यांची, विकणाऱ्यांसाठी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का उपीट खात होती.

मग नाव काय ठेवायचं यावर दुपार गेली. बोधचिन्हावर सिद्धेश्वर मंदिर घ्यायचं की चादर, यावर दुसरी दुपार गेली. 'आपला लिलाव' नावाची साईट शेवटी उभी राहिली. विरेश संस्थापक, त्याचा मेव्हणा तांत्रिक प्रमुख. गिऱ्हाईक एकही नाही. विकणारेच एकमेकांच्या मालावर बोली लावायचे, म्हणजे साईट भरलेली दिसावी. कट तोच, नियम तेच. आणि अक्कानं तक्रार लिहिली तेव्हा उत्तर आलं, 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.'

अक्का रिक्षा करून सरळ विरेशच्या दुकानात गेली. तो काउंटरवर बसून एका सोनेरी घड्याळाचे फोटो चढवत होता, त्याच मोठ्या साईटवर.

"आपल्या साईटवर न्हाय लावत व्हय रे हे?"

"अक्का, हे जरा भारी घड्याळ हाय..."

"म्हंजे भंगार आमच्यात, अन् भारी तितं. मोठ्ठा बाजार परवडला म्हणायचा. त्यो निदान स्वतःला आमचा भाऊ म्हणवून घेत न्हाय."

ती परतली आणि शेखलालला हाक मारली. "फोन धर. मी बोलते." रविवारी सकाळी तिनं फोनवरून थेट लिलाव सुरू केला. ओळखीच्या गिऱ्हाइकांना शेखलालनं निरोप धाडले होते, आले मोजकेच. अक्कानं मोटारीतली मडम उचलली.

"ही बाई. कोपरा उंदरानं खाल्लाय. निळा रंग उडालाय. तोंड चित्रकाराला जमलंच न्हाय, दात दुखल्यागत दिसती. पायजे तर बोला, न्हायतर ठेवते."

लोक हसले आणि बोली चढली. माल बघण्यापेक्षा तिचं बोलणं ऐकायला माणसं येऊ लागली. आली की घेऊन जायची. एकही लेबल परत आलं नाही, कारण जे वाईट होतं ते अक्कानं आधीच जास्तीचं सांगितलेलं असायचं. हळूहळू पुण्याहून, हुबळीहून, परदेशातून माणसं जोडली गेली. शेखलाल दिवे आणू लागला. मग 'आपला लिलाव'वाले एकेक करून आले. अट एकच: विकणाऱ्यानं स्वतः फोनसमोर बसायचं आणि आधी खोट सांगायची.

साईट बंद पडल्यावर विरेशही आला. आधी म्हणाला, दोघं मिळून कंपनी काढू. अक्कानं त्याला खुर्ची दाखवली. "बस. घड्याळ दाखव."

विरेश बसला. घड्याळ किती दुर्मिळ, कुठल्या संस्थानिकाच्या मनगटावर असावं, सगळं सांगून झालं. बोली एकही आली नाही.

"खोट," अक्का म्हणाली.

"तशी काय खोट न्हाय..."

"मग ऊठ."

तो उठला नाही. घड्याळ हातात फिरवत राहिला.

"तबकडी परत रंगवलीय," शेवटी तो म्हणाला.

"कुणी?"

"मीच."

मग हुबळीच्या एकानं बोली लावली, त्यावर पुण्याच्या बाईनं. घड्याळ चांगल्या किमतीला गेलं. विरेशचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"अक्का, बरं जमलं न्हवं?"

"बोलताना हात लई हलवतोस. घड्याळ दिसतच न्हवतं," अक्का म्हणाली आणि शेखलालला दिवा पुढं आणायला सांगितलं.